थोड्या भाड्याचे घर



मुंबईतल्या घरांविषयी आज बोलावयाचे आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण खेड्यापाड्यांत राहणारे, शेती करणारे किंवा शाळेत शिकविणारे. तेव्हा मुंबईच्या घरांशी आमचा संबंध काय, असे तुम्ही साहजिकच विचाराल. संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. कोकणातल्या, सातारा-कोल्हापूरकडच्या, पुणे-अहमदनगरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी गावांची म्हणून एक खोली मुंबईत असे. एका माणसाची नव्हे, गावाची. गिरणगावात लालबाग-परळला, डिलाईल रोडला, वरळीला अशा खोल्या होत्या. गावकरी मंडळ ती खोली चालवी. महिन्याची थोडी वर्गणी प्रत्येकाने द्यायची, आपली पत्र्याची ट्रंक भिंतीला लावून ठेवायची, कपडे वळणीवर टाकायचे, वळकटी कोपऱ्यात. दिवसपाळीचा माणूस रात्री निजे, रातपाळीचा दिवसा. जागा पुरली नाही तर गॅलरीत, नाही तर खाली फुटपाथावर. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. दहा बाय बारा किंवा दहा बाय सोळाच्या खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसे राहून गेलेली आहेत.

त्या खोलीचे कौतुक करण्यासारखे फारसे काही नव्हते. ढेकूण होते, भांडणे होती, आजार होते. पण एक गोष्ट होती. गावातला मुलगा कधीही एसटीने किंवा बोटीने मुंबईला उतरला, तर पहिल्या रात्री पाठ टेकायला त्याला जागा होती. त्या जागेच्या आधारावर त्याने नोकरी धरली, मनिऑर्डर पाठविली, आणि त्या मनिऑर्डरीवर गावाकडे कौले चढली, विहिरी खणल्या, बहिणींची लग्ने झाली. मुंबईच्या घराचा आणि गावच्या घराचा संबंध हा असा आहे. थोड्या भाड्याची खोली हा तुमच्या गावाच्या जमाखर्चातला एक जमेचा आकडा होता.

आता तो आकडा कसा उभा राहिला आणि कसा पुसला जात आहे, ते पाहू.

सुरुवात होते ती प्लेगपासून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीच्या, उजेड-वारा नसलेल्या चाळींत तो पसरला आणि माणसे गावाकडे पळाली. व्यापार बसला, गिरण्यांना हात मिळेनात, तेव्हा सरकार जागे झाले. १८९८ साली ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची संस्था स्थापन झाली. गलिच्छ वस्त्या काढून टाकाव्यात, रुंद रस्ते करावेत, नवी वस्ती वसवावी आणि गरिबांकरिता चाळी बांधाव्यात, असे तिचे काम होते. रस्ते झाले, दादर-माटुंग्याची सुंदर आखीव वस्ती झाली. पण सुरुवातीच्या काळात ट्रस्टने घरे पाडली जास्त आणि बांधली कमी. पाडलेल्या घरातला माणूस शेजारच्याच दुसऱ्या दाट चाळीत शिरला. पाडणे सोपे असते आणि दिसतेही लगेच. बांधलेले घर दिसायला वर्षे लागतात.

तरी ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या त्या टिकल्या. लोक त्यांना बीआयटी चाळी म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले, हे तुम्हांपैकी शिक्षकांना ठाऊक असेलच. शेजारच्या दोन खोल्या, एक संसाराची आणि एक अभ्यासाची. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि या चाळी महापालिकेच्या झाल्या.

दुसरा आणि मोठा प्रयत्न १९२० सालचा. पहिले महायुद्ध संपले होते, गिरण्या जोरात होत्या, भाडी भडकली होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे नवे खाते काढले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आजच्या ‘बीडीडी चाळी’ हे नाव पडले. बेत होता पन्नास हजार खोल्यांचा. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसविली. ही कल्पना मला फार योग्य वाटते. ज्या कापसाच्या जिवावर शहर श्रीमंत होत होते, त्याच कापसाने मजुराच्या घराचा खर्च द्यावा, यात न्याय आहे. आणि तो कापूस कुठला? तुमच्या खानदेश-वऱ्हाडचाही त्यात होताच.

पन्नास हजारांतल्या झाल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. एकंदर २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि उरलेल्या शिवडीला. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर मधून बोळ आणि दोन्ही अंगांना दहा दहा खोल्या, म्हणजे चाळीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. भिंती काँक्रीटच्या. संडास मजल्यावर सामाईक.

मौज अशी की चाळी बांधून झाल्या आणि पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या. शहरात घरांची टंचाई आणि सरकारी खोल्यांना भाडेकरू नाही! खोल्या अंधाऱ्या होत्या, उन्हाळ्यात काँक्रीट तापे, हे एक कारण. पण खरे कारण भाडे. बांधकामाचा खर्च फुगला होता, आणि त्या मानाने आकारलेले भाडे गिरणीकामगाराच्या पगाराला झेपत नव्हते. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग कमी पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या काही रिकाम्या चाळींचा तुरुंग केला. मजुरांसाठी बांधलेले घर आणि राजबंद्यांची कोठडी यांत सरकारला फारसा फरक करावा लागला नाही, यावरून त्या खोल्यांची रचना कशी असेल याची कल्पना करा. भाडी उतरली आणि गिरण्यांना माणसे लागली, तसतशा त्या भरल्या. आणि एकदा भरल्या त्या अशा, की पुढे तीन-तीन पिढ्या तिथेच नांदल्या.

येथे क्षणभर थांबून थोडे गणित करू. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो आणि पहिल्या वर्षाच्या वर्गाला हे गणित दरवर्षी घालतो. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

समजा, मुंबईत दोनशे चौरस फुटांची एक खोली उभी करावयास जमिनीसह चाळीस लाख रुपये लागले. ज्याने ते गुंतविले त्याला सालाला सहा टक्के तरी सुटले पाहिजेत. एवढे तर बँकही देते. म्हणजे सालाचे दोन लाख चाळीस हजार, महिन्याचे वीस हजार भाडे. आता समजा, त्या खोलीत राहू इच्छिणाऱ्या माणसाचा पगारच अठरा हजार आहे. झाले, गणित तिथेच संपले! तो माणूस आळशी नाही, घर बांधणाराही लबाड नाही, तरी दोघांची गाठ पडत नाही. मग तो झोपडीत जातो.

पण त्या चाळीस लाखांची फोड करा. समजा वाळू, सिमेंट, लोखंड, मजुरी मिळून आठ लाख आणि बाकीचे बत्तीस लाख जमिनीचे. जमीन जर सार्वजनिक असेल आणि तिची किंमत भाड्यात धरली नाही, तर आठ लाखांवर सहा टक्के म्हणजे सालाचे अठ्ठेचाळीस हजार, महिन्याचे चार हजार. दुरुस्तीला आणखी पाचशे-हजार धरा. अठरा हजारवाल्याला हे परवडते. पोरांनो, फरक कशाचा पडला, असे मी विचारतो. कोणीतरी मागच्या बाकावरून सांगते, ‘सर, जमिनीचा.’ बरोबर. वीट मुंबईत फार महाग नाही, भूमी महाग आहे. म्हणून थोड्या भाड्याच्या घराचा सारा प्रश्न सरतेशेवटी सार्वजनिक जमिनीवर येऊन ठेपतो.

ही गोष्ट शहरातल्या माणसाला समजावून सांगावी लागते. तुम्हांला ती लगेच समजेल, कारण तुमच्या गावात गायरान आहे. गायरानावर भूमिहीनाचीही शेळी चरते. ते कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेले नसते म्हणूनच त्याचा उपयोग. उद्या कोणी म्हणाले, की गायरानाचे तुकडे करून आज ज्यांची गुरे तिथे चरतात त्यांच्या नावे करून टाकू, तर त्या लोकांचे भले होईल यात शंका नाही. पण दहा वर्षांनी ज्याच्या दारात पहिली शेळी येईल, त्याने ती कोठे सोडावी? सार्वजनिक घरे हे शहराचे गायरान आहे. हा दृष्टांत ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे कळायला सोपे जाईल.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, भाडेनियंत्रणाचा कायदा आला. खाजगी चाळींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली गेली. लढाईनंतरचा तो काळ, निर्वासितांचे लोंढे येत होते, मालक मनाला येईल ते भाडे मागत होते. त्या वेळी असा कायदा करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याने लाखो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचविले. परंतु तात्पुरता म्हणून केलेला कायदा पन्नास वर्षे चालला. धान्याचे भाव वाढले, गवंड्याची मजुरी वाढली, भाडे मात्र होते तिथेच. मालकाने मग दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूने खोली सोडताना पुढच्याकडून ‘पागडी’ घ्यायची आणि तिचा वाटा मालकाला द्यायचा, असा समांतर बाजार उभा राहिला. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही गोठलेल्या भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे असे म्हटले. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा झाला आणि सालाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली.

इकडे इमारती पडतच होत्या. म्हणून १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. जुन्या इमारतींवर उपकर बसवावा आणि त्या पैशातून सरकारने दुरुस्ती करावी. मुंबई शहरातल्या १९,६४२ इमारती या उपकराखाली आल्या. किती अवाढव्य काम! काही दुरुस्त झाल्या, काही नव्याने बांधल्या, कित्येक टेकू लावून उभ्या राहिल्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारजवळची हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. तुम्ही वर्तमानपत्रांत अशा बातम्या दर पावसाळ्यात वाचता. घर राखावयाचे म्हणजे नुसते भाडे बांधून ठेवावयाचे नव्हे. छपराची कौले दरसाल शाकारली नाहीत तर वाडासुद्धा पाच पावसांत बसतो, हे तुम्हांला मी काय सांगावे. भाडे थोडे ठेवले तर दुरुस्तीचा पैसा दुसरीकडून, पण नेमाने, आला पाहिजे. मुंबईत पहिली गोष्ट झाली, दुसरी झाली नाही.

याच काळात सरकारने स्वतःही बांधले, आणि चांगले बांधले. १९४९ साली गृहनिर्माण मंडळ सुरू झाले. विक्रोळीचे कन्नमवार नगर आणि टागोर नगर, घाटकोपरचे पंत नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर, चेंबूरचे टिळक नगर, गोरेगावचे मोतीलाल नगर या वसाहती मंडळाच्या. तीन-चार मजली साध्या इमारती, मध्ये मैदान, जवळ शाळा, बाजार. गिरणी-कारखान्यांतले कामगार, कारकून, शिक्षक तेथे भाड्याने राहिले. शहाण्या माणसाने आखलेल्या वस्त्या होत्या त्या; झाडे आजही साक्ष देतात. १९७६ च्या कायद्याने जुनी मंडळे एकत्र करून पुढे ‘म्हाडा’ झाली.

मग हळूहळू धोरण फिरले. भाडे वसूल करणे, नळ-गटारे दुरुस्त करणे यांचा सरकारला कंटाळा आला. भाडेकरूंनाही मालक व्हावेसे वाटले, आणि त्यात गैर काय? खोल्या भाडेकरूंच्या नावे झाल्या, सोसायट्या झाल्या. ज्यांना मिळाल्या त्यांचे बस्तान बसले. पण गायरान वाटले गेले! पुढे त्या सोसायट्यांच्या जागी विकासकांचे मनोरे येऊ लागले, आणि मूळ भाडेकरूचा नातू तिथे असला तर असला, नवा माणूस मात्र बाजारभावाने आत शिरला.

आज म्हाडा घरे बांधते ती बहुतेक विकण्यासाठी, आणि विकते सोडतीने. २०२४ साली मुंबईत २,०३० घरांची सोडत निघाली, अर्ज आले एक लाखाहून अधिक. पन्नास-पंचावन्न जणांत एकाला घर. बाकीचे पुन्हा पुढच्या सोडतीची वाट पाहतात. यात्रेतल्या चक्रीसारखी ही गोष्ट झाली. ज्याचे नशीब त्याचे घर, असे म्हणून शहराचे धोरण चालत नाही.

झोपडपट्टीचे काय, असे विचाराल. २०११ च्या खानेसुमारीत बृहन्मुंबईच्या दर शंभर माणसांतली चाळिसांहून अधिक झोपडपट्टीत राहत होती. १९९५ साली सरकारने युक्ती काढली. झोपडीची जमीन विकासकाने घ्यावी, झोपडीवाल्यांना तिथेच फुकट पक्के घर द्यावे, आणि उरलेल्या जागेवर जादा मजले बांधून ते बाजारात विकावेत. सरकारच्या तिजोरीतून पैसा नको, झोपडीवाल्याकडूनही नको. पहिल्यांदा घर २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ चे, आता ३०० चे. ज्या बाईने वीस वर्षे पहाटे चारला उठून सार्वजनिक नळावर रांग लावली, तिच्या घरात नळ आला. या गोष्टीला मी कमी लेखणार नाही. शहरात बसून त्या योजनेला नुसती नावे ठेवणाऱ्यांनी तो नळ आधी पाहावा.

तरी योजनेच्या मुळातच एक अडचण आहे. हे घर बांधले जाते ते शेजारचे महागडे घर विकले जाईल या भरवशावर. तेव्हा जिथे जमिनीला भाव आहे तिथे विकासक धावतो, जिथे नाही तिथे वर्षानुवर्षे फिरकत नाही. बाजार चढला की गरिबाचे घर वर चढते, बाजार पडला की अर्धवट राहते, आणि माणसे तात्पुरत्या निवाऱ्यात खितपत पडतात. शिवाय पात्रतेची तारीख. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्या दिवसापूर्वी जो राहत होता त्याला घर फुकट. पुढे २०११ पर्यंतच्यांसाठी पैसे भरून घर घेण्याची सोय झाली. पण तुमच्या गावातून यंदा दिवाळीनंतर जो मुलगा जाईल, त्याच्यासाठी या साऱ्यात कोठेही काही नाही. तो नव्या झोपडीत पोटभाडेकरू म्हणून राहील.

गिरण्यांच्या जमिनीची कथा तर आणखी जिवाला लागणारी. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर संपलाच नाही, गिरण्या संपल्या. राहिल्या त्या भर शहरातल्या शेकडो एकर जमिनी. १९९१ च्या नियमाने ठरले, की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक हिस्सा शहराला मोकळ्या जागेसाठी, एक हिस्सा सार्वजनिक घरांसाठी आणि एक हिस्सा मालकाला. नियम चांगला होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि हा हिशेब साऱ्या जमिनीला न लावता फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीला लावला गेला. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती? खातेच खाते, धोटेच धोटे! घरांचा हिस्सा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. एका वाक्यातल्या दोन शब्दांनी किती घरे गेली याचा विचार करा. कायद्याची भाषा शिकविणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

जो हिस्सा मिळाला त्यावर घरे झाली. २०१२ साली गिरणीकामगारांसाठी पहिली सोडत निघाली. पण अर्ज दीड लाखाहून अधिक आणि मिळालेली घरे काही हजार. उरलेल्यांना शेलू, वांगणी अशा कर्जत-अंबरनाथकडच्या गावांत घरे देऊ केली जात आहेत, आणि कामगार व त्यांचे वारस म्हणताहेत की आमची घरे मुंबईत द्या. यांतले किती अर्ज सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या पत्त्यांवरून आले असतील! संप बुडाल्यावर माणसे परत तुमच्याच गावांत आली आहेत.

आता पुन्हा बीडीडी चाळींकडे येऊ, कारण तिथे सध्या मोठे काम चालले आहे. २०१६ साली सरकारने ठरविले, की वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळी पाडून म्हाडाने नव्या इमारती बांधाव्यात. १६० चौरस फुटांच्या खोलीबदली रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, फुकट. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या वस्तीला दोन खोल्या आणि स्वतःची न्हाणी मिळाली. विकासकाच्या हाती न देता हे काम सरकारी संस्थेने केले, हेही नोंदण्यासारखे आहे.

पण हिशेब पुरा करू. जुन्या साऱ्या खोल्या सार्वजनिक होत्या आणि भाडे नाममात्र होते. नवी घरे मालकीची. शेजारी उभे राहतील ते मनोरे खर्च भरून काढण्यासाठी बाजारात विकावयाचे. म्हणजे तिथे माणसांना मोठे घर मिळाले, शहरातल्या थोड्या भाड्याच्या घरांची संख्या मात्र तेवढ्याने घटली. पुनर्विकास आणि वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या विहिरीला नवे कठडे बांधले म्हणून गावात विहीर वाढली असे आपण म्हणत नाही.

येथे गावच्या खोलीविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. गावकरी मंडळाच्या खोलीची भाडेपावती पुष्कळ ठिकाणी एखाद्याच जुन्या माणसाच्या नावे फाटत आली. तो माणूस गेला, त्याचे वारस आले. पुनर्विकासात घर मिळेल ते पावती ज्याच्या नावे त्याला. गावाने साठ वर्षे वर्गणी भरलेली असली तरी कागद काय बोलतो ते महत्त्वाचे. तुमच्या गावाची अशी खोली असेल तर वर्गणीच्या वह्या, जुन्या पावत्या, मंडळाचे नोंदणीपत्र असल्यास ते, आजच शोधून एकत्र ठेवा आणि चांगल्या वकिलाला दाखवा.

परदेशात काय झाले ते थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने १९२३ साली घरबांधणीचा कर बसविला. बंगलेवाल्याला भारी आणि मजुराला नाममात्र, असा चढता कर. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांच्या वर घरे बांधली. आमची बीडीडीची खटपट आणि त्यांची खटपट साधारण एकाच काळातली, दोन्हीकडे पैसा करातून. फरक असा की त्यांनी बांधणे चालू ठेवले आणि बांधलेले विकले नाही. आज त्या महापालिकेच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरे आहेत, आणि भाड्याने आहेत. सिंगापूरची तऱ्हा निराळी. तिथे सरकार घर विकते, पण ९९ वर्षांच्या पट्ट्याने, जमीन सरकारचीच. दहांतली जवळजवळ आठ माणसे अशा घरांत राहतात. दोन्ही शहरे आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण बांधायला लागले तेव्हा व्हिएन्ना हे लढाईत हरलेले, उपाशी शहर होते.

मुंबईत जमीन नाही, असे नेहमी म्हणतात. बंदराची आहे, रेल्वेची आहे, महापालिकेची आहे, राज्याची आहे. प्रश्न ती कोणत्या शर्तीने द्यायची हा आहे. माझे मत विचाराल तर, सार्वजनिक जमीन विकू नये. पट्ट्याने द्यावी, आणि तिच्यावरच्या घरांतला ठरावीक हिस्सा कायमचा भाड्याचा राहावा, तो कोणाच्याही नावे होऊ नये. त्याच्या दुरुस्तीचा पैसा अंदाजपत्रकात वेगळा बांधलेला असावा, जुन्या गासडीवरच्या रुपयासारखा. आणि नव्याने येणाऱ्या एकट्या पुरुषासाठी, एकट्या बाईसाठी खाटेच्या भाड्याची वसतिगृहे असावीत. हे अगदीच कोणाला सुचले नव्हते असे नाही. २००८ साली मुंबई महानगर प्रदेशात भाड्याच्या घरांची योजना निघाली होती. खोली पुन्हा १६० चौरस फुटांचीच! पण भाडे गोळा करण्याचा व्याप कोणी सांभाळायचा, हा प्रश्न सुटला नाही आणि भाड्याची योजना म्हणून ती टिकली नाही. व्याप असतोच. शाळा चालविण्याचा, एसटी चालविण्याचा व्याप नाही का?

शिक्षकमित्रांना शेवटी एक सुचवितो. सातवी-आठवीच्या वर्गाला क्षेत्रफळ शिकविताना पुस्तकातला आयत घेऊ नका. शाळेच्या पटांगणात खडूने किंवा चुन्याने दहा फूट बाय सोळा फूट आखा. ही वरळीची जुनी खोली. त्यात चूल, पाण्याचा पिंप आणि मोरी कोठे ते मुलांनाच ठरवू द्या. मग विचारा, कोणाचा काका, कोणाची आत्या, कोणाचा भाऊ मुंबईत कोठे राहतो, किती जण, भाडे किती, पगाराचा कितवा हिस्सा. फळ्यावर आकडे मांडा, टक्केवारी त्याच तासात शिकवून होईल. जमले तर शेजारी पंधरा बाय वीसचा आयत आखा, तो झोपडपट्टी योजनेतल्या घराएवढा भरेल. आणि वीस बाय पंचवीसचा, तो नव्या बीडीडीचा. चौथा आयत आखावयाचा तो यंदा गाव सोडून जाणाऱ्या मुलाच्या घराचा. त्याची लांबी-रुंदी मुलांनी तुम्हांला विचारली, तर तो आकडा त्यांनाच सुचवायला सांगा, आणि त्याचे भाडेही.